आधी धुराची वाट, मग आचेचं बोलू

*ताई, मी कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, बायको, आई आणि सहावीतली मुलगी. चिकमगळूरला फिरायला गेलो होतो, तिथल्या रस्त्यावरच्या एका दुकानातून 2 किलो कच्च्या कॉफीबिया आणल्या आणि आईच्या लोखंडी कढईत भाजून बघितल्या. तीन वेळा. तिन्ही वेळा काही बिया काळ्याकुट्ट, काही फिकट, आणि कॉफी एकाच वेळी आंबट आणि जळकट. दुसऱ्या वेळी वरच्या मजल्यावरचे काका ‘काय जळतंय?’ म्हणून बेल वाजवून गेले. तिसऱ्या वेळी बायकोच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास बसला. आई म्हणते, थालीपिठाला कॉफीचा वास येतो. आता स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत कायमची सोय करायची ठरवलंय. जागा 4 फूट बाय साडेसहा, त्यात वॉशिंग मशीनही आहे. 25 हजार रुपये बाजूला काढलेत. कोणतं मशीन घेऊ? घरच्यांना कसं पटवू? आणि पुढेमागे मित्रांना विकता येईल का?*
*— करपलेला, कर्वेनगर*

प्रिय करपलेले,

मशीन सध्या कुठलंच घेऊ नका.

तुमच्या पत्रात तक्रार करणारी माणसं तीन आहेत आणि तिघांचीही तक्रार धुराची आणि वासाची आहे. आच कमी पडते असं कुणीच म्हटलेलं नाही. 25 हजारांचं मशीन आणलंत तरी काका पुन्हा बेल वाजवणारच. फरक इतकाच की दार उघडताना तुमचा खिसा 25 हजारांनी हलका असेल. कॉफी भाजायची जागा म्हणजे मुळात धूर बाहेर घालवायची आणि बिया झटपट गार करायची जागा. आच काय, ती गॅसवर आहे, विजेवर आहे, कुठेही मिळते.

तर पहिली खरेदी दोन रुपयांची: उदबत्ती. बाल्कनीत जिथे भाजायचा विचार आहे तिथे स्टुलावर एक उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते बघत बसा. सकाळी सातला, दुपारी तीनला, रात्री नऊला, असं चार दिवस. कंटाळवाणं आहे, पण मी दहा वर्षांपूर्वी हे केलं असतं तर एक पंखा आणि एक शेजारीण वाचली असती. पश्चिमेला तोंड असलेल्या बाल्कनीत जून ते सप्टेंबर वारा समोरून आत येतो, धूर सरळ स्वयंपाकघरात ढकलतो. डिसेंबरच्या पहाटे उलटाच प्रकार. वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा गारठलेली असते, धूर वर जायचं नावच घेत नाही, खिडकीबाहेर लोंबकळत राहतो आणि सावकाश शेजारच्यांच्या बेडरूममध्ये शिरतो. तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, उदबत्ती सांगेल.

मग एक्झॉस्ट पंखा. लोखंडी पात्यांचा, 9 किंवा 10 इंची, ग्रिलच्या वरच्या चौकटीत बाहेर तोंड करून बसवायचा. तो भाजायच्या जागेच्या जितका जवळ तितका बरा. मधे अंतर राहत असेल तर पत्र्याची साधी टोपी करून घ्या आणि तिला अॅल्युमिनियमचा लवचिक पाइप जोडा. स्वयंपाकघरातल्या चिमणीखाली भाजू नका. बिनपाइपची चिमणी तीच हवा गाळून परत घरात सोडते, म्हणजे उपयोग शून्य. पाइपवाली असली तर बियांची फोलपटं तिच्या तेलकट जाळीत जाऊन अडकतात, आणि तेलात भिजलेलं वाळकं फोलपट म्हणजे वातच की. अजून एक गोष्ट लोक विसरतात. हवा बाहेर काढायची तर आत यायलाही वाट लागते. बाल्कनीच्या काचा बंद, स्वयंपाकघराचं दार बंद आणि पंखा जोरात, असं केलंत तर तो नुसता भुणभुणेल. दार चार बोटं उघडं ठेवा. हवा घरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून बाहेर गेली पाहिजे. पुन्हा उदबत्ती लावून बघा.

धूर नक्की कधी होतो हेही कळून घ्या, म्हणजे घाबरायला होत नाही. पहिली सात-आठ मिनिटं जे दिसतं ती वाफ असते. कच्च्या बीमध्ये 10 ते 12 टक्के पाणी असतं, ते निघून जातं. वास आधी ओल्या गवताचा येतो, मग बेकरीसमोरून गेल्यासारखा. खरा धूर बिया तडतडायला लागल्यावर येतो आणि मिनिटागणिक वाढतो. जितकं गडद भाजाल तितका तो दाट आणि चिवट. म्हणजे मध्यम भाजून थांबलात तर निम्मं भांडण तिथेच मिटलं.

आता बाल्कनीत नजर टाकू. गॅसचा जादा सिलिंडर तिथेच ठेवलाय का? पुण्यातल्या निम्म्या घरांत ठेवलेला असतो. तो हलवा, यावर चर्चा नाही. कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावली असेल, तर भाजायच्या जागेसमोरचा तुकडा कापून तिथे तारेची जाळी बसवून घ्या. नायलॉन उष्णतेने आकसतं, आणि फोलपटं त्यात अशी अडकून बसतात की नंतर दोन दिवस वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर खालच्यांच्या पापडांवर भुरभुरतात. कपड्यांची दोरी वर आहेच. कपडे काढून झाल्यावर भाजायचं, कपडे लवकर काढायला लावून नव्हे. हा फरक तुमच्या बायकोला नेमका कळतो.

टेबल लाकडी नको. मी जुन्या बाजारातून शिलाई मशीनचा बिडाचा पाय आणला, त्यावर कडप्प्याची लादी ठेवली. हलत नाही, जळत नाही, पुसलं की स्वच्छ. वॉशिंग मशीनवर मात्र काही ठेवू नका. माझ्या मशीनच्या झाकणावर आजही चाळणीच्या बुडाएवढं गोल वितळलेलं वर्तुळ आहे. कुरिअरवाल्याने बेल वाजवली, हातात गरम चाळणी, टेकवायला जागा नाही, आणि मी ‘क्षणभरच’ म्हणून ती तिथे टेकवली. त्या क्षणभराला आता सात वर्षं झाली.

विजेचं बघा. हीट गन किंवा गरम हवेचं कुठलंही यंत्र 1200 ते 2000 वॉट खातं. 2000 वॉट म्हणजे आपल्या 230 व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर. साध्या 6 अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर हे चालवायचं नाही. तुमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी 16 अँपिअरचा प्लग असणार. तोच वापरा, फक्त भाजताना मशीनची पिन काढून ठेवा. आणि गुरुवार टाळा. दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुतेक गुरुवारीच जाते. चालू यंत्र मधेच थांबलं की हवा बंद होते पण तापलेली कॉइल तशीच असते, खालच्या बिया तिथेच करपायला लागतात. लाईट गेली तर विचार न करता सगळं चाळणीत ओता.

चाळणीवर जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळ्या मांडामांडीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. बी 200 अंशांच्या पुढे गेलेली असते. गॅस बंद केला म्हणजे भाजणं थांबलं असं होत नाही. बी स्वतःच्याच उष्णतेने आतून भाजत राहते. शेंगदाणे कढईतच ठेवून फोन घ्यायला गेलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, इथे तेच, पण दुप्पट वेगाने. तीन-चार मिनिटांत बिया हाताला सोसतील इतक्या कोमट व्हायला हव्यात. पाणी मारायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. तुळशीबागेतून स्टीलच्या दोन मोठ्या भोकांच्या चाळण्या आणा, गहू चाळायच्या असतात तशा. भोकं बी पडणार नाही पण फोलपट पडेल एवढी. टेबलफॅन लावा आणि या चाळणीतून त्या चाळणीत, त्यातून परत हिच्यात, चहा गार करतात तसं ओतत राहा. दहाव्या-बाराव्या वेळेपर्यंत फोलपटं उडून जातात आणि बिया गार होतात. पंख्याचा झोत बाहेरच्या दिशेला हवा, नाहीतर आठवडाभर पिठाच्या डब्यातही फोलपटं निघतील. बिया पूर्ण गार झाल्यावर उरलंसुरलं सुपात पाखडायचं. पाखडता येत नसेल तर आईंना विचारा. मला पन्नाशीनंतर जमलं.

हातातलं काम सुधारल्यावर पुढे एक सोय करता येते. पत्र्याच्या डब्याच्या वरच्या तोंडात चाळणी घट्ट बसवायची, डब्याच्या बाजूला भोक पाडून छोटा एक्झॉस्ट पंखा बाहेर हवा फेकेल असा लावायचा. हवा वरून बियांमधून खाली ओढली जाते, दोन मिनिटांत काम होतं आणि फोलपटं डब्यातच राहतात. पंखा तापकीर गल्लीत मिळतो, डबा आणि पत्र्याचं काम बोहरी आळीत विचारा.

आता आचेकडे वळू. कढईत तुमचं काय चुकलं? लोखंडी कढईचं बूड भयंकर तापतं आणि तापलेलं राहतं. बी गोल नाही, तिची एक बाजू सपाट. ती सपाट बाजू बुडाला टेकली की तेवढाच भाग चटकतो, आतपर्यंत उष्णता पोचायच्या आत बाहेरून काळं पडतं. म्हणून एकाच घोटात जळकट आणि आंबट. पोळी मोठ्या आचेवर टाकली तर बाहेरून डाग आणि आतून कच्ची, त्यातलाच प्रकार. खात्री करायची असेल तर एक काळी बी दातांनी फोडून आतला रंग बघा. बाहेरून कोळसा आणि आत फिकट तपकिरी, असंच असणार.

दुसरं कारण कढईत नाही, तुमच्या पिशवीत असावं. त्या 2 किलोतल्या मूठभर बिया ताटात पसरा आणि मधली चीर बघा. काहींची चीर नागमोडी, बी लांबट. काहींची सरळ, बी गोलसर आणि ठेंगणी. पहिली अरेबिका, दुसरी रोबस्टा. रस्त्यावरच्या दुकानात दोन्ही एकत्र मिळणं अगदी शक्य आहे. भाजणी करताना तुमच्या आई तांदूळ, चणाडाळ, ज्वारी, धने एकत्र कढईत टाकतात का? प्रत्येक धान्य वेगळं भाजतात, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. मग दळायला एकत्र. कॉफीचंही अगदी तसंच. अरेबिका वेगळी, रोबस्टा वेगळी, मिसळायचं ते भाजून झाल्यावर. उरलेल्या बिया मुलीला निवडायला बसवा, सहावीतल्या डोळ्यांना चीर झटकन दिसते. एवढं करूनही त्या पिशवीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

नवीन आणाल तेव्हा ‘प्लँटेशन ए’ नावाची मागा. आपल्याकडे धुतलेल्या अरेबिकाला प्लँटेशन म्हणतात, फळासकट वाळवलेलीला चेरी, आणि धुतलेल्या रोबस्टाला पार्चमेंट. धुतलेलीला फोलपट कमी निघतं, बाल्कनीत भाजणाऱ्याला तीच सोयीची. पीबेरी मिळाली तर फारच छान. फळात दोनाऐवजी एकच बी धरते ती पीबेरी, वाटाण्यासारखी गोल, भांड्यात गडगडत फिरते, सगळीकडून सारखी भाजली जाते. मान्सून्ड मलबारच्या नादी सध्या लागू नका. ती मुद्दाम पावसाळी हवेत फुगवलेली, फिकट पिवळी बी. रंगावरून अंदाज येत नाही आणि तडतडही दबकी. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी यांपैकी कुठलीही चालेल. देशातली जवळजवळ 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकातच होते, पुण्याला ती काही परकी नाही. बाबा बुडन नावाच्या सुफी संतांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया लपवून आणून त्या डोंगरावर लावल्या, अशी कथा तिथे गाईडने सांगितली असेलच. महत्त्वाचं हे की एकाच लॉटच्या 5 किलो घ्या. दर वेळी वेगळी बी घेतलीत तर चूक तुमची की बीची हे कधीच कळणार नाही. आणि गोणपाटात ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात पापड सादळतात तिथे कच्ची बी कशी टिकेल? घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्यावर नाही, स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो.

भाजायला काय घ्यावं? पहिल्या 25 वेळांसाठी हीट गन आणि स्टीलचं उभट पातेलं. हीट गन नवी घ्या, रंग काढायला वापरलेली नको. दीड-दोन हजारांत बरी मिळते. 150 ग्रॅम बिया पातेल्यात, एका हातात गन, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं लाकडी उलथणं, त्या हातात जाड मोजा. गन बियांपासून चार-पाच बोटं वर धरायची आणि ढवळायचं थांबवायचं नाही, थांबलात की करपलंच. आच वाढवायची तर गन खाली आणा, कमी करायची तर वर न्या. यापेक्षा सोपं बटण कुठल्या महागड्या मशीनलाही नसतं. हात दुखतो, खोटं कशाला सांगू. पण बी कुठल्या क्षणी काय करते ते तुमच्या डोळ्यांसमोर घडतं.

गरम हवेचं पॉपकॉर्न यंत्रही चालतं, हात दुखत नाही. पण त्यात 80-90 ग्रॅमच मावतं आणि घेताना आत वाकून बघा. हवा बाजूच्या खाचांतून आत येत असेल तर ठीक, तळाला नुसती जाळी असेल तर नको, फोलपट तिथून कॉइलवर पडून पेट घेऊ शकतं. ओव्हनचा विचारही नको. हाताने फिरवायचा ड्रम गॅसवर बरा चालतो, पण आत काय चाललंय ते दिसत नाही, सगळं कानांवर आणि नाकावर, ते वर्षभराने.

आता प्रत्यक्ष भाजणं. बिया हिरव्या, मग फिकट, मग पिवळ्या. पिवळा रंग साधारण 150 अंशांच्या आसपास येतो, चारएक मिनिटांनी. इथपर्यंत घाई नको, तुम्ही इथेच आच मोठी करत होतात असा माझा संशय आहे. मग रंग दालचिनीसारखा होतो, वास खमंग होतो, आणि 196 ते 205 अंशांच्या दरम्यान पहिली तडतड सुरू होते. फर्स्ट क्रॅक. आवाज भुईमुगाच्या शेंगा फोडल्यासारखा, सुटा, ठळक. आधी एक, मग दोन, मग भराभर. हा आवाज आठव्या-नवव्या मिनिटाला आला पाहिजे. पाचव्यालाच आला तर आच जास्त, बाराव्याला आला तर कमी. पहिल्या ठळक आवाजापासून घड्याळ लावा. दीड ते अडीच मिनिटांत काढायचं. तिथून पुढे 224 अंशांच्या आसपास दुसरी तडतड येते, बारीक, दाट, फोडणीत मोहरी तडतडते तशी. तिच्यापर्यंत जायचंच नाही, निदान बाल्कनीत तरी. तिथे बीवर तेल सुटतं, धूर दाट होतो आणि आग लागायची शक्यता तिथून पुढे वाढते. तरीही जवळ पातेल्यावर बसणारं घट्ट झाकण ठेवा. पेटलंच तर गन बंद, पिन बाहेर, झाकण वर, आणि उघडून बघायचं नाही. छोटं अग्निशामक नळकांडं 25 हजारांतून पहिलं घ्यायचं होतं, ते इथे शेवटी सांगतेय, पण घ्या.

तापमान मोजायला तारेच्या टोकाचा थर्मामीटर घ्या, ज्याचं टोक बियांत बुडवता येतं. लेझरचा ठिपका टाकणारा नको, चकचकीत स्टीलवर तो काहीही सांगतो. मात्र आकड्यांपेक्षा वजनाचा काटा जास्त उपयोगी. 150 ग्रॅम कच्च्या बियांचं भाजून 128 ग्रॅम झालं म्हणजे साधारण पावणेपंधरा टक्के घट, छान मध्यम. घट 11 टक्क्यांहून कमी तर आत कच्चं राहिलंय. 18-20 च्या पुढे गेली तर काका येत असतील.

एक वही ठेवा. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: ‘14 डिसेंबर, सकाळी 11, प्लँटेशन ए, 150. पिवळं 4:50. तडतड 9:40. काढलं 11:30. वजन 129. गारठा होता, गन बोटभर खाली हवी होती.’ त्याच बिया मे महिन्यात तडतडल्या 8:10 ला. पुण्यात डिसेंबरची सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत बराच फरक पडतो, तो बाल्कनीतल्या पातेल्याला कळतो. गच्चीत जाऊन भाजायचा मोहही याचसाठी आवरा. वारा सगळी आच पळवून नेतो, आणि सेक्रेटरींची परवानगी हा तर वेगळाच विषय.

भाजलेली कॉफी त्याच संध्याकाळी पिऊ नका, फसाल. बीमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो पहिला दिवसभर भराभर सुटत राहतो. पहिली रात्र डब्याचं झाकण सैल ठेवा, मग घट्ट. फिल्टरसाठी तीन-चार दिवस, एस्प्रेसो करत असाल तर आठवडा. आणि दळायला मसाल्याचं मिक्सरचं भांडं घेऊ नका, एवढं तुम्हाला सांगावं लागणार नाही असं धरते. (कढईचा इतिहास बघता सांगितलंच.)

घरच्यांना कसं पटवू, हा तुमचा दुसरा प्रश्न. पटवू नका. शेजाऱ्यांना ताज्या कॉफीची पुडी द्या, गप्प बसतात, असा सल्ला सगळेच देतात. आमच्या वरच्या काकू पक्क्या चहावाल्या. पुडी घेतली, थँक्यू म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा वासाची तक्रार. पंखा बसवल्यावर तक्रार थांबली. काकांना पुडी नको, वार आणि वेळ सांगा: शनिवारी चार ते साडेचार, अर्ध्या तासात दोन घाण्यांपेक्षा जास्त नाही. आणि ती पाळा.

आईंचं वेगळं. त्यांना तुमची काळी, बिनदुधाची, फळांच्या चवीची कॉफी पाजून मत विचारू नका. त्या बहुधा जायफळ-वेलची घातलेली दुधाची कॉफी पीत असतील, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्यांच्यासाठी रोबस्टा थोडी गडद, म्हणजे तडतडीनंतर तीन मिनिटांपर्यंत भाजा आणि अरेबिकात चौथा हिस्सा मिसळा. विकतच्या फिल्टर कॉफीत बहुतेक वेळा चिकोरी असते, तिच्यामुळे रंग आणि दाटपणा येतो. नुसती अरेबिका दुधात घातली की ‘कॉफी कुठाय?’ असं विचारतील, आणि बरोबरच विचारतील. भाजताना मात्र त्यांना बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून द्या. रवा, तीळ, शेंगदाणे, भाजणी भाजण्यात चाळीस-पन्नास वर्षं घालवलेल्या माणसाच्या नाकाला ‘आता बास’ हे थर्मामीटरच्या आधी कळतं. माझ्या सासूबाईंना कळायचं. त्या कॉफी पीतच नसत.

विकायचं म्हणाल तर इतक्यात नको. विकायचं ठरलंच तर घरगुती असलं तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, पुडीवर तारीख-वजन लागतं, आणि मित्र पैसे देऊन घेतात तेव्हा तोंडावर खरं बोलत नाहीत. वहीत सलग दहा ओळी अशा आल्या, की घट 14 ते 16 टक्क्यांच्या मधे आणि तडतडीची वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत, की मग मला पुन्हा लिहा. तोवर 25 हजारांतले फार तर 8-9 हजार संपलेले असतील. उरलेल्यांतून एक बरा हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्या, कपातला फरक भाजायच्या मशीनपेक्षा त्याने जास्त पडेल.

आणि ती कढई. हे पत्र वाचून झाल्यावर सगळ्यात आधी तेवढं करा. कॉफीचं तेल लोखंडात मुरतं, नुसत्या साबणाने जात नाही. जाडं मीठ आणि नारळाच्या शेंडीने कोरडी घासा, पाणी घालून दोनदा खळखळून उकळा, गॅसवर पूर्ण कोरडी करा. मग तेलाचा हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा, पंखा चालू ठेवून. त्यात दोन कांदे चांगले काळे होईपर्यंत परता आणि फेकून द्या. वास उरला असेल तर परत पहिल्यापासून. मग थालीपीठ लावायला आईंनाच सांगा आणि पहिलं तुम्ही खा.